इन्सुलिनच्या जोडीला, इन्सुलिनच्या जागी नव्हे

आपल्या गटांच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की सुईविषयीची शंका बोलून दाखवली जातेच, आणि त्याला कारणही तसेच आहे. १९८० च्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्या बायांना पुरेशी माहिती न देता चालल्या होत्या. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि त्यांच्यासोबतच्या इतरांनी त्याविरुद्ध १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि तिच्या रेट्यामुळे महाराष्ट्रात १९८८ चा कायदा आला. बाईच्या शरीरावर तिला न विचारता काय काय केले जाते, हे त्या पिढीने चव्हाट्यावर आणले. त्याच काळात झाडपाला, सुईणीचे ज्ञान, आजीबाईचा बटवा यांच्याकडे चळवळ नव्या आदराने पाहू लागली. मी त्यावेळी जन्मलेही नव्हते, पण समाजकार्याचे शिक्षण घेताना आणि पुढे तुमच्यासारख्या मैत्रिणींसोबत काम करताना हा वारसा मला आपसूक मिळाला. त्याचा मला अभिमान आहे.

म्हणूनच आज एक अप्रिय गोष्ट लिहायची आहे. एक सुई अशी आहे की जिच्याविषयी हीच शंका धरली तर मूल दगावते. ती इन्सुलिनची. आणि 'आपल्या मुळांकडे परत जाऊ' ही आपली भाषा उचलून तीच सुई सोडायला सांगणारी दुकाने आपल्या आजूबाजूला उघडली आहेत.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गेली काही वर्षे मी वस्त्यांमध्ये काम करते. उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या खोल्यांत जीन्सचे धागे कापणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बाया, अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणाऱ्या बाया, बदलापूरहून पहाटेची लोकल धरून मुंबईला धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया, अशा माझ्या मैत्रिणी आहेत. त्यातल्या काहींच्या मुलांना टाइप वन मधुमेह आहे. 'शुगर' हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. तरीही 'लहान मुलालाही शुगर होते का?' हा प्रश्न मला अजून प्रत्येक बैठकीत ऐकू येतो.

हा आजार कोणता

मोठ्या वयात होणारा, पोट सुटलेल्या माणसाचा म्हणून आपल्याला माहीत असलेला मधुमेह तो टाइप टू. त्यात शरीर इन्सुलिन तयार करते, पण ते नीट वापरले जात नाही किंवा पुरत नाही. म्हणून खाणे सांभाळणे, चालणे आणि गोळ्या यांवर बरीच वर्षे निभावते. टाइप वनची गोष्ट वेगळी. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. कारखानाच बंद पडतो. मुलाने गोड जास्त खाल्ले म्हणून हे होत नाही, आईने गरोदरपणी काही पथ्य मोडले म्हणूनही होत नाही. बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी होतो, पण मोठ्या वयातही होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालच्या अशा मुलामुलींची संख्या २ लाख २९ हजारांच्या घरात होती. म्हणजे हा क्वचित होणारा, श्रीमंतांचा आजार मुळीच नाही.

इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरपूर असूनही शरीर उपाशी राहते. मग ते स्वतःची चरबी जाळू लागते, त्यातून आम्ल साठते आणि रक्त विषारी होते. सतत तहान, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणे, अंथरुण न ओले करणाऱ्या मुलाने पुन्हा अंथरुण ओले करणे, भूक असूनही वाळत जाणे, ही सुरुवातीची लक्षणे. पुढे पोटदुखी, उलट्या, खोल धापा टाकल्यासारखा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आणि शेवटी बेशुद्धी. आपल्याकडे यातल्या उलट्यांना कावीळ समजतात, वाळण्याला जंत, श्वासाला दमा आणि बेशुद्धीला 'बाहेरचे'. बोटातून थेंबभर रक्त काढून वीस-पंचवीस रुपयांच्या पट्टीवर एका मिनिटात जे कळले असते, ते कळायला आठवडे जातात.

१९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. तो तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. त्याआधी या आजारावर डॉक्टरांकडे एकच उपाय होता: मुलाला उपाशी ठेवणे, म्हणजे मरण थोडे लांबते. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. आज नीट इन्सुलिन घेणारी माणसे म्हातारी होतात, त्यांना मुलेनातवंडे होतात. शोधकर्त्यांनी पेटंट एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले, कारण हे औषध सर्वांना मिळावे असे त्यांना वाटत होते. सुई म्हटली की आपल्याला कंपन्यांचा नफा आठवतो. या सुईच्या जन्माची कथा वेगळी आहे, हेही आपण लक्षात ठेवायला हवे. पुढे कंपन्यांनी तिचे काय केले हा भांडणाचा विषय आहेच, पण ते भांडण औषध मिळवण्यासाठी करायचे, सोडण्यासाठी नाही.

आयुर्वेद स्वतः काय म्हणतो

आयुर्वेदाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट, आयुर्वेदाच्या नावाने जे विकले जाते त्याच्याशी आयुर्वेदाचाच किती संबंध आहे, हे पाहू या.

चरक आणि सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. त्यात मधुमेह हा वातज प्रमेहात येतो आणि तो असाध्य मानलेला आहे. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षणही त्यांचेच. सुश्रुताने प्रमेहाचे दोन गट केले: एक सहज, म्हणजे जन्मजात दोषातून येणारा, आणि दुसरा अपथ्यातून होणारा. सहज प्रमेहाचा रोगी कृश, कोरडा, सतत तहानलेला असतो. अपथ्याचा रोगी स्थूल, खादाड, बैठा असतो. आजच्या दोन प्रकारांशी हे तंतोतंत जुळते असा दावा मी करणार नाही. पण हे दोन वेगळे रोगी आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही, इतके त्या जुन्या वैद्यांना स्वच्छ दिसले होते. चरकाने तर सांगून ठेवले आहे की स्थूल रोग्याचे शोधन करावे आणि कृश रोग्याचे बृंहण, म्हणजे पोषण करावे.

आता आपल्या गल्लीत काय चालते ते पाहा. वाळलेल्या, आधीच उपाशी असलेल्या आठ वर्षांच्या मुलीचा भात बंद, फळ बंद, दूध बंद. तिला कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, विजयसारच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी. एका ठिकाणी तर जुलाबाचे औषध देऊन 'शरीर शुद्ध' करण्याचा बेत ठरला होता. हे डॉक्टरांच्या शास्त्राविरुद्ध आहेच, ते चरकाच्याही विरुद्ध आहे. जो आजार ग्रंथात असाध्य म्हटला आहे तो 'नव्वद दिवसांत मुळासकट' बरा करण्याची हमी जो देतो, तो आयुर्वेद सांगत नसतो, बाटली विकत असतो.

जाणते वैद्य असे करत नाहीत. अंबरनाथमधल्या एक वैद्य बाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याकडे अशा लक्षणांचे मूल आले की त्या आधी बोटातले रक्त तपासतात आणि साखर २०० च्या वर दिसली तर एकही पुडी न देता त्याच तासाला रुग्णालयात पाठवतात. त्यांचे वाक्य मी सगळ्या आयांना सांगते: "माझं काम मुलाचं इन्सुलिन सुरू झाल्यावर सुरू होतं."

श्रेय कोणाला जाते

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली नाही तर आपण भुलतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पुष्कळ मुलांची साखर अचानक छान राहू लागते. उरलेल्या थोड्या पेशींना विश्रांती मिळते आणि त्या पुन्हा काम करू लागतात. इन्सुलिनचा डोस कमी कमी होत जातो, कधीकधी अगदी नाममात्र उरतो. डॉक्टर याला 'हनिमून काळ' म्हणतात. तो काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभर टिकतो आणि मग संपतो.

नेमक्या याच दिवसांत घरात काढा आलेला असतो. साखर उतरलेली दिसते, काढ्याचा जयजयकार होतो, सुई थांबते. त्या मुलाचे नाव पुढच्या रोग्याला दाखला म्हणून सांगितले जाते. हनिमून संपतो तेव्हा मूल अतिदक्षता विभागात असते, आणि तेव्हा विक्रेता म्हणतो, "तुम्ही पथ्य पाळलं नाही." पथ्य कोणी पाळले नाही? अर्थात आईने. म्हणजे गुण आला तर चूर्णाचा, नाही आला तर आईची चूक. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे, नाही का?

मग झाडपाल्यात काहीच नाही का? आहे, आणि त्यावर आपल्याच देशात काम झाले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९० साली टाइप वनच्या थोड्या रुग्णांच्या जेवणात मेथीची पूड घालून पाहिली. दहा दिवसांत उपाशीपोटीची साखर उतरली. त्याच वर्षी मद्रासच्या संशोधकांनी गुडमारच्या अर्काचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टाइप वनच्या २७ रुग्णांची इन्सुलिनची गरज काही प्रमाणात कमी झाल्याचे नोंदले होते. हे अभ्यास लहान आहेत, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: सगळे रुग्ण इन्सुलिन घेत होते. कोणाचेही इन्सुलिन बंद करून मेथी दिलेली नव्हती. 'पूरक' या शब्दाचा खरा अर्थ हा आहे. भाकरीला कालवण पूरक असते. भाकरीच्या जागी ते ठेवता येत नाही.

आणि ज्या औषधात खरेच ताकद आहे ते इन्सुलिनसोबत घेतल्यावर साखर गरजेपेक्षा खालीही आणू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, चिडचिड, गुंगी, मग झटके. म्हणून डॉक्टरांपासून लपवून घेतलेला काढा हा निरुपद्रवी काढासुद्धा धोक्याचा ठरतो. धातूंचा प्रश्न तर आणखी वेगळा. अमेरिकेत २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले; २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या औषधांतही हे प्रमाण पाचातल्या एकाइतकेच निघाले. ही औषधे भारतातही बनलेली होती. शिसे मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधते. लेबल नसलेली, घटक न सांगणारी पुडी मुलाला देऊ नये, हा साधा नियम आपण तरी पाळू या.

पूरक म्हणजे काय, आणि ते कोण करते

जोडीला काय चालेल, याची यादी खरे तर मोठी आहे. ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, भाजीत मेथी, ताटात कारले, कोशिंबीर, ताक, आणि ठरलेल्या वेळी जेवण. रोजचा खेळ, चालणे, योगासने, प्राणायाम; मात्र खेळण्याआधी साखर तपासायची आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटे ठेवायची. रात्री पुरेशी झोप. आठवड्यातून एकदा तेल लावून अंघोळ, त्यानिमित्ताने पाय, टाचा, बोटांच्या बेचक्या आणि टोचण्याच्या जागा नीट पाहणे. इन्सुलिनची जागा रोज बदलायची, म्हणजे गाठी होत नाहीत. यातल्या कशालाच डॉक्टरांची ना नसते, आणि दिनचर्या हे तर आयुर्वेदाचे बलस्थान. एक चूक मात्र टाळू या: गूळ, मध, खजूर 'नैसर्गिक' असले तरी त्यांनी साखर चढतेच.

घरात फ्रीज नसेल किंवा वीज गेली तर इन्सुलिन कसे ठेवायचे, याचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मातीच्या माठात किंवा पाण्याच्या मोठ्या माठात ठेवलेल्या लहान मडक्यात, प्लॅस्टिकच्या कोरड्या डबीत घालून बाटली ठेवली की ती थंड राहते. न उघडलेला साठा शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवावा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वाया जाते. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. आणि सिरिंज बघून घ्यावी: ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होऊ शकतो. आपल्या आरोग्य शिबिरांत आपण ही माहिती देतो का?

पण या सगळ्या यादीकडे पाहताना माझ्यातली स्त्रीवादी कार्यकर्ती गप्प बसत नाही. भाकरी थापायची कोणी? वेळ सांभाळायची कोणी? पहाटे तीन वाजता उठून साखर तपासायची कोणी? काढा उकळायचा कोणी? वस्तीतल्या एका आईने नगावरचे धागे कापण्याचे काम अर्ध्यावर आणले, कारण शाळेत दुपारी जाऊन मुलाला इन्सुलिन द्यावे लागे. तिचा दिवस मोजला तर सुई आणि तपासणीला मिळून अर्धा तासही लागत नव्हता. काढे, चूर्ण, वेगळा स्वयंपाक आणि सासरच्यांनी सुचवलेले नवस यांनाच दोन-तीन तास जात होते. महिन्याच्या चूर्णाचे पैसे इन्सुलिनच्या पैशांपेक्षा जास्त होते, आणि ते देऊन स्ट्रिपला पैसे उरत नव्हते. साखर न मोजता दिलेले इन्सुलिन म्हणजे अंधारात चालणे. माझे मत स्पष्ट आहे: घरातला पहिला रुपया इन्सुलिनला, दुसरा स्ट्रिपला, तिसरा पौष्टिक जेवणाला. त्यातून उरले तर चूर्ण. आणि पूरक उपचाराचे कष्ट एकट्या आईने करायचे असतील तर तो उपचार नव्हे, तिच्यावर लादलेले आणखी एक व्रत आहे. सुई टोचायला बापाने शिकलेच पाहिजे. थोरल्या भावाने शिकले पाहिजे. इन्सुलिन टोचणे पोळी लाटण्यापेक्षा सोपे आहे.

मुलींची सुई लपवली जाते

मुलाची सुई आणि मुलीची सुई यांत फरक होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलगा आजारी असला की त्याच्यासाठी मुंबईच्या रुग्णालयांच्या वाऱ्या होतात. मुलगी असली की आधी गुप्तता. "पोरीला रोज सुया लागतात हे कळलं तर कोण करून घेणार तिला?" हे वाक्य मी मराठीत ऐकले, हिंदीत ऐकले, सिंधी घरांतही ऐकले. म्हणून शाळेत सांगायचे नाही, नातेवाइकांकडे गेल्यावर टोचायचे नाही. आणि लग्नाचे वय जवळ आले की कोणीतरी 'सुई सोडवणारा' शोधायचा. मुलींच्या बाबतीत काढ्याची ओढ बरी होण्यासाठी कमी आणि लपवण्यासाठी जास्त असते. सुईची खूण दिसते, चूर्णाची दिसत नाही.

काही गोष्टी आपण बैठकांत ठणकावून सांगायला हव्यात. टाइप वन असलेली बाई लग्न करू शकते, साखर नीट सांभाळून आणि वेळेवर तपासण्या करून निरोगी बाळाला जन्म देऊ शकते. आईला हा आजार असेल तर बाळाला होण्याची शक्यता शंभरात फार तर तीन-चार. बापाला असेल तर ती उलट थोडी अधिक असते. पण सुया टोचणाऱ्या मुलाला 'वंशाला दोष' असे कोणी म्हणत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत पुष्कळ मुलींची साखर चढते आणि डोस बदलावा लागतो. पाळीविषयी घरात बोलायचीच चोरी असेल तर हे त्या मुलीला कोण सांगणार? लपवलेली सुई चुकते, आणि चुकलेली सुई जीव घेते. हा आरोग्याचा प्रश्न आहे त्याहून जास्त आपला, म्हणजे स्त्रीचळवळीचा प्रश्न आहे.

कायदा आहे, वापरायचा कोणी?

लोकलच्या महिला डब्यातली स्टिकरे आणि आता मोबाइलवर येणारे व्हिडिओ पाहून वाटते की असे काही विकायला बंदीच नसावी. बंदी आहे. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ज्या आजारांवर बरे करण्याच्या जाहिरातीच करू देत नाही, त्यांच्या यादीत मधुमेह आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात पतंजलीच्या जाहिरातींचे प्रकरण चालले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्या कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे करावे लागले ते आपल्या नाक्यावरच्या दुकानदाराला का नको? अन्न व औषध प्रशासनाकडे जाहिरातीच्या फोटोसह एक अर्ज करायला वकील लागत नाही.

पण एवढे करून थांबलो तर तो दुटप्पीपणा होईल. आई चूर्णाकडे वळते ती केवळ अडाणीपणाने नाही. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन कधी असते, कधी नसते. स्ट्रिप बहुधा नसतेच. लहान मुलांच्या मधुमेहाचा तज्ज्ञ गाठायचा तर परळ, शीव, भायखळा गाठावे लागते, म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. तिथे दोन मिनिटांत कागद हातात मिळतो. वैद्याकडे ती अर्धा तास बसते, तो तिचे ऐकतो, 'बरे होईल' म्हणतो. ज्या व्यवस्थेने तिच्याशी माणसासारखे बोलायचे सोडून दिले तिच्यावर तिने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणून खोट्या उपचाराविरुद्धची आपली लढाई खऱ्या उपचाराच्या हक्काच्या लढाईशी जोडलेली असली पाहिजे.

त्यासाठी आपल्या गटांपुढे काही ठोस कामे मांडते.

एक, तहान, लघवी, वाळणे आणि थकवा ही चार लक्षणे दिसलेल्या मुलाची साखर त्याच दिवशी तपासली जावी. वस्तीतले बहुतेक पहिले डॉक्टर आयुर्वेदिक पदवीचेच असतात. त्यांना, आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना आपण भेटू या. हेच वैद्य आपले सर्वांत मोठे साथी होऊ शकतात.

दोन, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले गेले. त्यात या मुलांचे इन्सुलिन, सिरिंज आणि स्ट्रिप नियमित मिळाव्यात, म्हणून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय यांच्याकडे दर महिन्याच्या साठ्याची माहिती मागू या. माहिती अधिकार त्यासाठीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजची स्ट्रिप मिळाली तर ती भरतीच टळेल, हे शासनाला सांगायला हवे. केरळमध्ये सामाजिक सुरक्षा मिशन या मुलांसाठी खास योजना चालवते, तिचे नावच 'मिठायी' आहे. महाराष्ट्राला ते का जमू नये?

तीन, शाळा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली सर्व राज्यांना कळवले की अशा मुलांना वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधले खाणे खाण्याची मुभा असावी. सीबीएसईने तर २०१७ सालीच परीक्षेला खाऊ नेण्याची परवानगी दिली. आपल्या भागातल्या प्रत्येक शाळेला हे पत्र आपणच नेऊन द्यावे. म्हणजे दुपारी काम सोडून शाळेत धावणारी आई आपल्या कामावर राहू शकेल.

चार, घरी येणाऱ्या प्रत्येक पूरक उपचाराला आपण तीन प्रश्न विचारू या आणि ते आयांनाही शिकवू या. हा इन्सुलिन कमी करायला किंवा थांबवायला सांगतो का? यात काय आहे हे लिहून द्यायला तयार आहे का? माझ्या डॉक्टरांना सांगितलेले याला चालते का? पहिल्याचे उत्तर 'हो' आणि बाकीच्या दोहोंपैकी एकाचेही 'नाही' असे आले तर दार लावून घ्यायचे. इन्सुलिनचा डोस कमी करायचा की नाही, हे मोजलेल्या साखरेच्या वहीवरून डॉक्टर ठरवतील. ते ठरवणारा दुसरा कोणी नाही.

बाईला ज्ञान नसते हे आपल्याला कधीच मान्य नव्हते. आजीच्या बटव्यात शहाणपण होते, कारण आजी पाहत होती, आठवत होती, चुकले तर बदलत होती. तोच स्वभाव आज ग्लुकोमीटर आणि एक वही हातात घेऊन चालू ठेवता येतो. साखर लिहून ठेवणारी, डोस समजून घेणारी, डॉक्टरला प्रश्न विचारणारी आणि वैद्यालाही तोच प्रश्न विचारणारी आई ही मला त्या बटव्याची खरी वारसदार वाटते.

तुमच्या वस्तीत अशी मुले आहेत का, त्यांच्या आयांचे काय अनुभव आहेत, इन्सुलिन कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही, हे जरूर लिहून कळवा. तिन्ही शहरांतल्या साठ्याची आणि शाळांची माहिती आपण एकत्र केली, तर आरोग्य विभागाकडे एकेकटीने न जाता सगळ्यांनी मिळून जाता येईल.